संगणकाची वही खरी ठेवा

गेल्या महिन्यात या सदरात आपण जुन्या संगणकावर डेबियन कशी बसवायची ते पाहिले. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून सुस्थितीतला पण जुना संगणक भंगारात घालण्याऐवजी त्यावर डेबियन किंवा तिच्यावरच बेतलेली उबंटू चालवणे अनेक घरांना परवडू लागले आहे. मुलांचा अभ्यास, आपाचे ऑनलाइन वर्ग, अब्बांच्या पेन्शनचे कागद, भाईजानच्या दुकानाची बिले, सगळे त्या एकाच यंत्रावर.

मग एखाद्या संध्याकाळी अपडेट चालू असताना वीज जाते. दुसऱ्या दिवशी काही नवे बसवायला गेले की पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटते. तिचा अर्थ असा: डीपीकेजीचे काम मध्येच तुटले आहे, ते तुम्ही स्वतः पुरे करा. घरात घबराट उडते. कोणी म्हणते व्हायरस आला, कोणी म्हणते हार्ड डिस्क गेली. दुरुस्तीच्या दुकानात गेले तर सल्ला मिळतो, "फॉरमॅट मारू या." दुसरी प्रत काढून ठेवलेली नसेल तर त्या फॉरमॅटबरोबर लग्नाचे फोटो, मुलांचे प्रकल्प आणि दुकानाचा वर्षाचा हिशेब पुसला जातो.

खरे तर अशा वेळी बहुधा यंत्र ठणठणीत असते. त्याच्या वहीतली एक नोंद अर्धी राहिलेली असते आणि ती पुरी करायला सहसा पाच मिनिटे पुरतात. ही वही कोणती, ती कशी बिघडते आणि घरातल्या माणसाने ती कशी सांभाळावी, हा आजचा विषय.

कोठी आणि वही

अनेक मोहल्ल्यांत जमातीच्या मालकीच्या देगा, पराती आणि सतरंज्या असतात. लग्नकार्याला त्या नेल्या जातात आणि परत येतात. सांभाळणारा माणूस दरवेळी कोठी उघडून भांडी मोजत बसत नाही, तो वही पाहतो. देगा सहा, त्यांतली एक अमक्यांकडे, झाकणासह. वही खरी असेल तर काम मिनिटात होते. पण कोणी न सांगता एक देग उचलून नेली, तर वहीत पाच आणि कोठीत चार राहतात. ही तफावत कळते ती पुढच्या लग्नाच्या दिवशी, बिर्याणी चढवायच्या वेळी.

डेबियनचेही असेच चालते. तिथे प्रत्येक सॉफ्टवेअर एका गाठोड्यात बांधलेले असते. त्याला पॅकेज म्हणतात. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये अशी ६९ हजारांहून अधिक पॅकेजे उपलब्ध आहेत. घरगुती संगणकावर त्यांतली साधारण हजार-दोन हजार बसलेली असतात. एक पॅकेज दुसऱ्यावर अवलंबून, दुसरे तिसऱ्यावर. ब्राउझरला अक्षरे दाखवणारे पॅकेज लागते, त्याला आणखी दुसरे कुठले तरी. हा सारा गुंता माणसाच्या डोक्यात मावणार नाही, म्हणून वही.

ही वही लिहिणाऱ्या कारकुनाचे नाव डीपीकेजी. इयान मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये डेबियनची घोषणा केली. पुढच्याच वर्षी इयान जॅक्सन यांनी डीपीकेजीचा मुख्य भाग सी भाषेत नव्याने लिहिला. त्याच्यावर बसणारा ॲप्ट हा मुकादम १९९९ च्या डेबियन २.१ बरोबर आला. कोणती गाठोडी आणायची आणि कोणत्या क्रमाने, हे ॲप्ट ठरवतो. गाठोडे उघडून माल जागेवर लावणे आणि वहीत नोंद करणे हे काम डीपीकेजीचे.

वहीत काय लिहिलेले असते

'व्हार' फोल्डरात 'लिब', त्यात 'डीपीकेजी' आणि त्यात 'स्टेटस' नावाची एक फाइल असते. हीच ती वही. ती साध्या मजकुराची आहे, कोणालाही उघडून वाचता येते. वाचा जरूर, पण त्यात हाताने खाडाखोड करू नका.

प्रत्येक पॅकेजचा एक परिच्छेद असतो: नाव, आवृत्ती, कशावर अवलंबून, आणि स्थिती. स्थितीच्या ओळीत तीन शब्द येतात. सर्व ठीक असेल तर ते 'इन्स्टॉल, ओके, इन्स्टॉल्ड' असे असतात. पहिला शब्द मालकाची मर्जी सांगतो: हे पॅकेज हवे की काढायचे. दुसरा सांगतो की काही बिघाड आहे का. तिसरा शब्द हकीकत सांगतो: ते प्रत्यक्षात कुठवर बसले आहे. मर्जी आणि हकीकत वेगवेगळी लिहिली असल्यामुळेच अर्धवट राहिलेले काम ओळखता येते.

शेजारच्या 'इन्फो' फोल्डरात प्रत्येक पॅकेजच्या मालाची यादी असते. कोणत्या फायली आणल्या आणि त्या कुठे ठेवल्या, ते तिथे लिहिलेले असते. बहुतेक पॅकेजांच्या फायलींचे ठसेही तिथेच असतात. फाइल नंतर कोणी बदलली तर ठसा जुळत नाही.

तिसरी छोटी वही ॲप्टची. 'व्हार', 'लिब', 'ॲप्ट' या वाटेवर ती आहे. तुम्ही स्वतः मागितलेले पॅकेज कोणते आणि दुसऱ्याच्या गरजेपोटी आपोआप आलेले कोणते, याची नोंद तिच्यात असते.

वीज गेली तेव्हा काय झाले

पॅकेज बसते ते टप्प्याटप्प्याने. आधी गाठोडे उतरवून घेतले जाते, मग ते उघडून फायली जागेवर ठेवल्या जातात, मग शेवटची मांडणी होते. डीपीकेजी प्रत्येक टप्प्याच्या आधी आणि नंतर वहीत लिहितो. उघडायला घेतले की 'अर्धे बसलेले', उघडून झाले की 'उघडलेले', मांडणी सुरू झाली की 'अर्धे मांडलेले', शेवटी 'बसलेले'. वीज कुठल्याही क्षणी गेली तरी काम कुठे थांबले ते कागदावर राहते.

वही लिहिण्याची पद्धतही सावध आहे. मूळ फाइलीवर थेट लिहिले जात नाही. नवी प्रत वेगळी तयार होते, ती डिस्कवर पक्की झाली की मगच जुन्या प्रतीची जागा घेते आणि जुनी प्रत 'स्टेटस-ओल्ड' या नावाने बाजूला राहते. शिवाय वहीत बदल झाला असेल तर रोजच्या फेरीत तिची एक प्रत 'व्हार'मधल्या 'बॅकअप्स' फोल्डरात जाते. तिथे मागच्या काही प्रती क्रमाने लावलेल्या सापडतात.

तरीही दुर्लक्ष करून चालत नाही. नोंद अर्धी असेपर्यंत ॲप्ट पुढचे काम घेत नाही. म्हणजे सुरक्षेचे अपडेटही थांबतात. संगणक रोज सुरू होतो, सिनेमा दिसतो, टाइप करता येते, म्हणून कोणाला शंका येत नाही. ब्राउझर मात्र जुनाच राहतो, आणि त्याच ब्राउझरमधून घरातले कोणीतरी बँकेचे व्यवहार करत असते. धोका आहे तो इथे.

पाच मिनिटांचा इलाज

आज्ञा टर्मिनलमध्ये इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या असतात. इथे त्या जशा वाचल्या जातात तशा दिल्या आहेत. डीपीकेजी म्हणजे डी, पी, के, जी ही चार अक्षरे, ॲप्ट म्हणजे ए, पी, टी ही तीन. रेघा आणि मोकळ्या जागा छापल्याप्रमाणेच ठेवा. प्रत्येक आज्ञेच्या आरंभी 'सुडो' (एस, यू, डी, ओ) लिहून मालकाचा अधिकार घ्यावा लागतो. बसवताना ज्यांनी रूटचा वेगळा पासवर्ड दिला असेल, त्यांनी आधी 'एसयू -' करून तो पासवर्ड टाकावा, मग सुडोची गरज नाही.

पहिली आज्ञा: 'डीपीकेजी --ऑडिट'. ही काही बदलत नाही, फक्त अर्धवट पॅकेजांची यादी दाखवते. काहीच छापले नाही तर वही ठीक आहे.

दुसरी: 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'. उघडून ठेवलेल्या पण मांडणी न झालेल्या सर्व पॅकेजांची मांडणी ही पुरी करते. वीज गेल्यानंतरच्या बहुतेक तक्रारी इथेच मिटतात.

तिसरी: 'ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. एखाद्या पॅकेजला लागणारे दुसरे पॅकेज आलेच नसेल तर ही ते आणते. काही काढायचे असेल तर आधी यादी दाखवून विचारते. यादी वाचल्याशिवाय 'वाय' दाबू नका.

यानंतर 'ॲप्ट अपडेट' आणि 'ॲप्ट अपग्रेड' सुरळीत चालले की काम झाले.

वही खोटी कशी होते

वीज जाणे ही अडचण सोपी, कारण तिथे वही खरे तेच सांगत असते. वही खोटी होते ती माणसाच्या घाईने. असे चार प्रसंग नेहमीचे आहेत.

पहिला, कुलूप तोडणे. दोघांनी एकाच वेळी वहीत लिहू नये म्हणून डीपीकेजी तिला कुलूप लावतो. उबंटूमध्ये अपडेट पडद्यामागे आपोआप चालू असतात. त्याच वेळी तुम्ही काही बसवायला गेलात तर 'कुलूप मिळत नाही' असा निरोप येतो आणि ते कोणाच्या हातात आहे हेही अलीकडच्या आवृत्त्या सांगतात. इंटरनेटवर लगेच सल्ला सापडतो: 'लॉक' नावाची फाइल पुसून टाका. तो ऐकू नका. फाइल दिसते म्हणजे कुलूप लागलेले आहे असे नाही, ती तिथे नेहमीच असते. खरे कुलूप चालू कामाच्या हातात असते आणि काम संपले की आपोआप सुटते. फाइल पुसली तर दोन कारकून एकाच पानावर लिहू लागतात. दहा मिनिटे थांबा, चहा घ्या, मग पुन्हा प्रयत्न करा.

दुसरा, हाताने पुसणे. जागा कमी पडली म्हणून कोणी 'युएसआर' किंवा 'बूट' फोल्डरातल्या मोठ्या फायली उडवतो. माल गेला, पण वही म्हणते आहे. पुढच्या अपडेटला गाडी अडते, 'बूट'मधले चुकीचे काही गेले असेल तर संगणक सुरूच होत नाही. जागा हवी असेल तर 'ॲप्ट क्लीन' वापरा. उतरवून घेतलेली आणि आता नको असलेली गाठोडी ती साफ करते. ही गाठोडी 'व्हार'मधल्या 'कॅश'मध्ये असतात आणि ती गेली तर पुन्हा उतरवता येतात. वही मात्र 'व्हार'मधल्या 'लिब'मध्ये असते. नावे सारखी वाटतात, पण एक रद्दी आहे आणि दुसरे दप्तर.

तिसरा, मागच्या दाराने माल आणणे. कॉलेजातली मुले पायथॉन शिकतात तेव्हा पिप नावाच्या साधनाने सॉफ्टवेअर आणतात. पिपची वही वेगळी, डीपीकेजीला तिचा पत्ता नसतो. दोघांनी एकाच जागी माल ठेवला की एकाची फाइल दुसऱ्याने झाकली जाते. म्हणून जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून पिप प्रणालीच्या जागेत काही बसवायला नकार देतो. जबरदस्ती करण्याची एक खूण आहे, पण तिच्या इंग्रजी नावाचाच अर्थ 'प्रणालीची पॅकेजे मोडा' असा आहे. मुलांना सांगा, प्रत्येक प्रकल्पासाठी 'व्हेन्व्ह'ची स्वतंत्र खोली करा आणि हवा तो माल तिथे आणा. एखाद्या कंपनीच्या संकेतस्थळावरून डेबियनचे गाठोडे उतरवले असेल तर तेही ॲप्टकडूनच बसवा, म्हणजे नोंद होईल. पण गाठोडे बसवताना त्याला मालकाचा अधिकार मिळतो, म्हणून अनोळखी ठिकाणचे घेऊच नका.

चौथा, वहीत खोटे लिहिणे. एखादे पॅकेज अडून बसले की काही जण स्टेटस फाइलीत जाऊन अवलंबित्वाची ओळच खोडतात किंवा डीपीकेजीला 'फोर्स' म्हणजे जबरदस्तीची खूण देतात. निरोप गायब होतो, समाधान वाटते. गरज मात्र तशीच राहते, फक्त सांगणारे कोणी उरत नाही. महिन्याभराने वेगळेच सॉफ्टवेअर बंद पडते आणि कारण शोधायला कुठला धागा सापडत नाही.

वहीच फाटली तर

डिस्क पूर्ण भरली किंवा डिस्कचाच भाग खराब झाला तर स्टेटस फाइल वाचता न येण्याइतकी बिघडू शकते. अमुक ओळीजवळ वाचता येत नाही, असा निरोप येतो. अशा वेळी क्रम महत्त्वाचा.

आधी घरातले फोटो आणि कागदपत्रे पेन ड्राइव्हवर घ्या, कारण डिस्क आजारी असू शकते. मग डीपीकेजीच्या पूर्ण फोल्डराची आहे तशी प्रत बाजूला ठेवा. त्यानंतर 'स्टेटस-ओल्ड' उघडून पाहा. ती नीट असेल तर तिची प्रत 'स्टेटस' या नावाने ठेवा. तीही खराब असेल तर 'बॅकअप्स' फोल्डरातली सर्वांत ताजी चांगली प्रत घ्या.

जुनी वही आणली म्हणजे तिच्यानंतरचे व्यवहार तिच्यात नसणार. ते कुठे मिळतील? 'व्हार'मधल्या 'लॉग'मधल्या 'ॲप्ट' फोल्डरात 'हिस्टरी' नावाचा रोजनामचा असतो. कोणत्या दिवशी काय बसवले आणि काय काढले ते तारीखवार तिथे आहे. प्रतीच्या तारखेनंतर जे बसले ते 'ॲप्ट इन्स्टॉल --रीइन्स्टॉल' आणि पॅकेजचे नाव देऊन पुन्हा बसवा, म्हणजे नोंद आणि माल पुन्हा जुळतील. शेवटी 'डीपीकेजी --ऑडिट' चालवून खात्री करा.

कधी स्टेटस ठीक असते, पण 'इन्फो'मधली एखाद्या पॅकेजची यादी हरवलेली असते. डीपीकेजी तसा इशारा देतो आणि त्या पॅकेजची एकही फाइल नाही असे धरून चालतो. तेव्हा ते पॅकेज काढून टाकले तर फायली बेवारस तशाच पडून राहतील. इलाज तोच, रीइन्स्टॉल.

पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची 'बॉस' ही भारतीय कार्यप्रणालीही डेबियनवरच बेतलेली आहे, तेव्हा वरचे सारे तिलाही लागू पडते. फेडोरा वापरणाऱ्यांची वही आरपीएमची. २०२० च्या फेडोरा ३३ पासून ती एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्ये असते आणि तिची पुनर्बांधणी 'आरपीएम --रीबिल्डडीबी' या आज्ञेने होते. साधने वेगळी असली तरी वही सांभाळण्याचा नियम सगळीकडे एकच.

महिन्यातून एकदा

महिन्याचा कोणताही एक दिवस ठरवा, इन्व्हर्टर किंवा यूपीएस चालू असल्याची खात्री करा आणि हा क्रम पाळा.

१. 'डीपीकेजी --ऑडिट'. काही छापले तर आधी ते मिटवा.

२. 'ॲप्ट अपडेट', मग 'ॲप्ट अपग्रेड'. हे चालू असताना स्विच बंद करू नका. बॅटरी मेलेला लॅपटॉप असेल तर वायर हलवू नका.

३. 'ॲप्ट ऑटोरिमूव्ह'. आपोआप आलेली आणि आता कोणाच्याच कामाची नसलेली पॅकेजे ही काढते, जुने कर्नलसुद्धा. यादी वाचा. त्यात तुमच्या गरजेचे काही दिसले तर नकार द्या आणि 'ॲप्ट-मार्क मॅन्युअल' पुढे त्याचे नाव लिहून ते तुम्हाला हवे असल्याची नोंद करा.

४. 'डीपीकेजी --व्हेरिफाय'. ज्या फायलींचे ठसे जुळत नाहीत त्या दिसतात. ओळीत मध्ये 'सी' अक्षर असेल तर ती सेटिंगची फाइल आहे, ती बदललेली असणे साहजिक आहे. 'सी' नसलेली ओळ आली तर ती फाइल कोणत्या पॅकेजची हे 'डीपीकेजी -एस' (इथे एस मोठा) पुढे तिचा पूर्ण पत्ता लिहून विचारा आणि ते पॅकेज रीइन्स्टॉल करा.

५. 'ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल'. तुम्ही स्वतः मागितलेल्या पॅकेजांची यादी येते. ती एका फाइलीत साठवून फोटो-कागदपत्रांच्या पेन ड्राइव्हवर ठेवा. उद्या संगणक चोरीला गेला किंवा जळाला तरी नव्या यंत्रावर या यादीवरून तेच घर पुन्हा मांडता येईल.

हे सारे अर्ध्या-पाऊण तासाचे काम आहे. घरातल्या एकाच व्यक्तीकडे ते सोपवा आणि मालकाचा पासवर्डही तिच्याचकडे असू द्या. बाकीच्यांनी काही हवे असल्यास तिला सांगावे. ही व्यक्ती घरातला मोठा मुलगाच असली पाहिजे असे अजिबात नाही. ज्या अम्मींनी वर्षानुवर्षे किराण्याची वही पै-पैचा मेळ घालून ठेवली आहे, त्यांच्या हातात ही वही सर्वांत सुरक्षित राहील. कागदावर पाच आज्ञा लिहून टेबलाजवळ चिकटवा, पहिल्या दोन महिन्यांत त्या पाठ होतात.

पुढच्या महिन्यात पाहू घरातल्या फोटो आणि कागदपत्रांच्या प्रती किती काढाव्यात, कुठे ठेवाव्यात आणि त्या उघडतात की नाही हे कसे तपासावे.